घरच्या घरी पिक घडवताना : हॅक्सॉच्या पात्यापासून कुलपाच्या पिनांपर्यंत

मी घडवलेलं पहिलं पिक, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायचं बारीक पोलादी साधन, तिसऱ्या दिवशी सरावाच्या कुलपात मोडलं. टोकाचा आकडा, म्हणजे चारेक मिलिमीटरचा तुकडा, आतच राहिला आणि तो काढायला अख्खं कुलूप खोलावं लागलं. पोलाद चांगलं होतं, मापही बरोबर होतं. पण पिकाच्या बारीक मानेतून आकडा जिथे वर उठतो तिथे मी कानशीने काटकोनी खाच पाडली होती, आणि पोलाद नेमकं अशाच खाचेत तुटतं. त्यानंतर केलेली पिकं अजून वापरात आहेत. त्यांचा आकार पहिल्या पिकासारखाच आहे. बदलले ते कोपरे, पॉलिश आणि कामाचा वेग.

म्हणून नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की दहा आकारांच्या संचामागे लागू नका. एक आकड्याचं पिक आणि दोन टेन्शन टूल, म्हणजे कुलपाला आतून पीळ देणाऱ्या पट्ट्या, करा, आणि ती हात लावल्यावर रेशमासारखी लागतील इतकी नीट करा. सुरुवातीच्या बहुतेक कुलपांना एवढं पुरतं.

आधी दोन नियम

जगभरातले हौशी लोक दोन नियम पाळतात, आणि तुम्हीही ते पाळावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कुलूप स्वतःच्या मालकीचं असेल, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच त्यात पिक घालायचं. आणि रोजच्या वापरातल्या कुलपाला, ते स्वतःचं असलं तरी, हात लावायचा नाही. दुसऱ्या नियमामागचं कारण साधं आहे. पिकाने पिनांवर ओरखडे पडतात, स्प्रिंगा वाकतात, आणि एखाद्या रात्री तुम्ही स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहता. सरावाला वेगळं कुलूप घ्या.

कायदा देशागणिक बदलतो. जपानमध्ये २००३ साली खास कायदा झाला आणि योग्य कारणाशिवाय अशी हत्यारं जवळ बाळगणं तिथे गुन्हा ठरलं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती बाळगायला हरकत नाही, पण हेतू वाईट असेल तर शिक्षा होते. आपण राहतो तिथला नियम आधी वाचून घ्या, आणि साधनं खिशात घालून हिंडण्याऐवजी घरातच, सरावाच्या कुलपांबरोबर ठेवा.

या छंदाला लपवण्यासारखा इतिहास नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप साधारण पंचवीस मिनिटांत उघडून दाखवलं. मग तो ब्रामा कंपनीच्या कुलपाकडे वळला. ते उघडणाऱ्याला २०० गिनी मिळतील, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं झळकत होती. हॉब्जला त्यासाठी सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि त्या कुलपासाठी त्याने साधनंही खास बनवली होती. त्याने कारागिरांचे डोळे उघडले आणि कुलपं सुधारली. आज जर्मनीत, नेदरलँड्समध्ये आणि इतरही अनेक देशांत हौशी लोकांचे रीतसर क्लब आहेत. जर्मनीतला क्लब १९९७ पासून चालू आहे.

पिकाचा आकार कुठून येतो

आपण ज्या कुलपासाठी साधन करतोय ते पिनांचं कुलूप आहे. लायनस येल ज्युनियर याने १८६१ साली चपट्या किल्लीच्या अशा कुलपाचं पेटंट घेतलं, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. बाहेर स्थिर कवच, आत फिरणारा गोल गाभा. दोघांतून आरपार जाणारी पाच-सहा भोकं, आणि प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरची पिन गाभा आणि कवच यांच्या मधल्या सांध्यात आडवी येते आणि गाभा अडतो. योग्य किल्ली प्रत्येक जोडी नेमकी इतकी उचलते की दोन पिनांमधली फट सांध्याशी जुळते.

हाताने हेच साधता येतं ते घडणीतल्या बारीक फरकामुळे. सगळी भोकं एका रेषेत कधीच पडत नाहीत. गाभ्याला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एकच अडकते. ती उचलून सांध्यापर्यंत आणली की गाभा केसभर फिरतो आणि पुढची पिन अडकते. पीळ देणारं साधन म्हणजे टेन्शन टूल, पिन उचलणारं साधन म्हणजे पिक.

नेहमीच्या कुलपात पिनेचा व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो आणि दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर साधारण ४ मिलिमीटर. म्हणजे आकड्याचं टोक ३ मिलिमीटरहून बरंच अरुंद हवं, नाहीतर शेजारची पिनही उचलली जाते. किल्ली जाते त्या खाचेत कंगोरे असतात, त्यामुळे मान बारीक हवी. आणि मान बारीक म्हणजे पोलाद कणखर हवं. पिकाचा आकार या तीन गोष्टींतून ठरतो.

पोलाद

कागदाची क्लिप आणि केसांची पिन यांचा विचार सोडून द्या. ती तार मऊ असते. जरा जोर लागला की वाकते आणि तशीच राहते. आपल्याला वाकून परत सरळ होणारं, म्हणजे स्प्रिंगचं पोलाद हवं.

सगळ्यात सहज मिळणारी वस्तू म्हणजे हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापायच्या करवतीचं, पातं. ३०० मिलिमीटर लांब, साधारण १२-१३ मिलिमीटर रुंद आणि ०.६ ते ०.६५ मिलिमीटर जाड. ही जाडी आपल्या कामाला जवळजवळ मापात बसते. पण पाती दोन प्रकारची असतात. काही पूर्ण कडक असतात. जरा वाकवली की काचेसारखी फुटतात. ती घेऊ नका. ‘बाय-मेटल’ किंवा ‘फ्लेक्सिबल’ लिहिलेली पाती घ्या. त्यांचे दातच तेवढे कडक पोलादाचे असतात, पाठ लवचीक असते, आणि आपल्याला पाठच हवी आहे.

दुसरा चांगला पर्याय फिलर गेज. यंत्रातल्या फटी मोजायच्या पट्ट्यांचा हा जुडगा असतो आणि प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली असते. ०.५ आणि ०.६ मिलिमीटरच्या पट्ट्या पिकासाठी उत्तम. दात घासून काढायची कटकट नाही, पृष्ठभाग आधीच गुळगुळीत. अरुंद खाचेच्या कुलपांसाठी ०.४ ची पट्टीही त्याच जुडग्यात मिळते. पहिलं पिक मात्र ०.६ चं करा. नवख्या हाताचा जोर जास्त असतो.

टेन्शन टूलसाठी माझी पसंती गाडीच्या जुन्या वायपरला. जुन्या पद्धतीच्या, फ्रेम असलेल्या वायपरच्या रबरात दोन बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या दोन अरुंद पट्ट्या असतात. रबर ओढून काढलं की त्या हातात येतात. रुंदी आणि जाडी जवळजवळ तयार. फक्त कापायचं आणि वाकवायचं.

आखणी आणि कापणी

हॅक्सॉच्या पात्याचे दात आधी ग्राइंडरवर घासून काढा. डोळ्यांवर गॉगल हवाच; पोलादाची ठिणगी किंवा तुटलेला तुकडा कुठे उडेल याचा भरवसा नसतो. पात्यावरचा रंगही पॉलिश पेपरने काढा. मग पातं १२० मिलिमीटरच्या तुकड्यांत कापा. हातकरवत या कामाला चालत नाही. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी चर पाडा, तुकडा व्हाइसमध्ये धरून वर फडकं टाका आणि पकडीने मोडा.

आता आखणी. तुकड्यावर जाड मार्करने काळा थर द्या आणि सुईने रेषा ओढा. रंगावरची बारीक चमकती रेषा पेन्सिलीपेक्षा नीट दिसते. मापं अशी घ्या. एकूण १२० मिलिमीटरपैकी ८५ मूठ आणि ३५ मान. मान मुठीपाशी साडेतीन मिलिमीटर उंच, टोकाकडे निमुळती होत २ मिलिमीटर. शेवटी आकडा वर उठतो. पाठीपासून त्याच्या शेंड्यापर्यंत मिळून ४ मिलिमीटर. शेंडा साधारण एक मिलिमीटर रुंद आणि गोलसर.

मान सरळ पट्टीसारखी न ठेवता निमुळती ठेवायला मी सांगतोय, त्याला कारण आहे. एकसारखी बारीक मान वाकते तेव्हा सगळा ताण मुठीपाशी गोळा होतो. निमुळत्या मानेत तो लांबीभर वाटला जातो. पिनेचा प्रतिसादही निमुळत्या मानेतून बोटांपर्यंत जास्त स्पष्ट पोचतो. हे वाचून पटणार नाही. एकदा दोन्ही करून पाहा.

जास्तीचं पोलाद ग्राइंडरने काढा, पण रेषेपासून एक मिलिमीटर अलीकडेच थांबा. पुढचं सगळं कानशीने. व्हाइसमध्ये तुकडा असा धरा की रेषा जबड्याच्या जेमतेम दोन मिलिमीटर वर असेल. पातळ पत्रा वर आला की थरथरतो, किंचाळतो आणि कानशीचे दातही खराब होतात. कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना उचलून घ्या. पात्याचं पोलाद कडक असल्यामुळे काम हळू होतं, आणि ते तसंच होऊ द्या. ग्राइंडर नसेल तर सगळं काम चपट्या कानशीनेही होतं, दोन संध्याकाळी जास्त लागतात इतकंच.

आतले कोपरे गोल कानशीनेच करा. मूठ आणि मान यांच्या सांध्यात निदान ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई हवी, आणि आकडा मानेतून उठतो तिथेही बारीक गोल सुई-कानशीची गोलाई हवी. माझं पहिलं पिक याच जागी गेलं. काटकोनात ताण एका रेषेवर येतो, तिथे केसासारखी भेग पडते, आणि ती भेग डोळ्यांना दिसेपर्यंत पिक मोडलेलं असतं.

पोलादाचं पाणी

लोहार विळ्याला पाणी देतो हे आपण ऐकलेलं असतं. आपल्या पट्टीला कारखान्यात आधीच पाणी दिलेलं आहे. आपलं काम ते उतरू न देणं. ग्राइंडरवर पातळ पत्रा दोन-तीन सेकंदांत तापतो, आणि एकदा पाणी उतरलं की पिक तारेसारखं वाकायला लागतं.

यावर एकच उपाय आहे: हातमोजे न घालता काम करा. तुकडा उघड्या बोटांनी धरा, टेकवा, लगेच उचला, शेजारच्या पाण्याच्या भांड्यात बुडवा, पुन्हा टेकवा. बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात गेलं तर पोलादाला काही होत नाही. फिरत्या चाकाजवळ सैल हातमोजा अडकण्याचा धोका असतो, तोही यात टळतो.

चुकून जास्त तापलं तर रंग सांगतो. फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२०-२३० अंश सेल्सियस, चिंता नको. तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. स्प्रिंगचं पोलाद निळ्या रंगापर्यंत बहुधा टिकतं. त्यापुढे राखाडी छटा आली की तेवढा भाग मऊ झाला असं समजा. पातळ टोकावर निळ्याची राखाडी व्हायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, म्हणून निळ्यालाच घाबरायचं.

टोक मऊ झालं तर काय? साध्या कार्बन पोलादाच्या फिलर गेजला परत पाणी देता येतं: लालभडक, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, क्षणाचाही वेळ न घालवता तेलात बुडवायचं, घासून उजळ करायचं आणि मग हळूहळू निळ्यापर्यंत तापवून ठिसूळपणा घालवायचा. पण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ज्वालेतून तेलापर्यंत नेतानाच थंड होतो आणि वेडावाकडाही होतो. शिवाय तेल पेट घेऊ शकतं. नवख्याने त्या भानगडीत पडू नये. तो भाग कापून टाका, पिक थोडं आखूड करा, किंवा नवीन तुकडा घ्या. पोलाद स्वस्त आहे.

पॉलिश

बाजारातल्या स्वस्त संचात आणि मन लावून केलेल्या पिकात जो फरक असतो तो इथे येतो. कानशीने कितीही नीट काम केलं तरी कडेला आडवे ओरखडे राहतात. कुलपात मानेची वरची कड आधीच्या पिनांना घासत जाते. ती खरखरीत असेल तर बोटांना सगळी खरखरच जाणवते, आणि ज्या पिनेचा बारीकसा ‘टक्’ आपण ऐकायला बसलोय तो त्यात बुडून जातो. ओरखड्यातून भेगही सुरू होते, ते वेगळंच.

२२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग ४००, ८००, १५००, आणि हौस असेल तर २०००. पेपर लाकडाच्या चपट्या काडीभोवती गुंडाळला की सपाट बाजूंना उपयोगी पडतो, आणि गोल काडीभोवती गुंडाळला की आतल्या गोलाईला. घासण्याची दिशा नेहमी लांबीच्या बाजूने. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. घाई केली तर १५०० च्या झिलईखाली २२० चे चर तसेच राहतात आणि सगळं परत करावं लागतं. चारही कडा गोल करा, शेंडाही. शेवटी धातूचं पॉलिश कापडावर घेऊन चोळा.

पारख सोपी आहे. कापसाचा पुंजका मानेवरून आणि आकड्यावरून ओढा. एकही तंतू अडकला तर ती जागा शोधा आणि परत घासा. मी या एका टप्प्याला बाकी सगळ्या कामाइतका वेळ देतो.

टेन्शन टूल

नवखे लोक पिकावर जीव टाकतात आणि टेन्शन टूल म्हणून मिळेल ती वाकडी पट्टी वापरतात. मला विचाराल तर निम्मं कुलूप टेन्शन टूलच उघडतं. ते खाचेत डुगडुगलं तर गाभा किती फिरला, अडकलेली पिन बसली की नाही, यातलं काहीच कळत नाही.

पहिलं टूल खाचेच्या पिनांपासून दूरच्या टोकाला बसतं. वायपरच्या पट्टीचा ९० मिलिमीटर तुकडा घ्या, शेवटचे ८ मिलिमीटर काटकोनात वाकवा. अगदी धारदार कोपऱ्यावर वाकवू नका. व्हाइसमध्ये पट्टीलगत जाड खिळा धरून त्याच्याभोवती वाकवा. स्टेनलेस पट्टी सहसा थंडच वाकते. फटकन वाकवली तर मात्र तडकते, म्हणून सावकाश. मग वाकवलेल्या टोकाची रुंदी कानशीने इतकी कमी करा की खाचेत घट्ट बसेल आणि पिकाला जागाही उरेल.

दुसरं टूल पिनांच्याच बाजूला, खाचेच्या तोंडाशी बसतं. त्याने खाच जवळजवळ पूर्ण मोकळी राहते आणि पकडही जास्त पक्की मिळते. त्याचं टोक चारेक मिलिमीटरच ठेवा, कारण ते पहिल्या पिनेला टेकता कामा नये. हे टोक प्रत्येक कुलपाला थोडं वेगळं लागतं. घासा, बसवून पाहा, परत घासा. बसवल्यावर हात सोडला तरी ते पडलं नाही की झालं.

मूठ

मूठ हवी तशी करा. दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून वर श्रिंक ट्यूब (तापवली की आकसणारी प्लास्टिकची नळी) तापवून बसवली तरी पुरे. ट्यूब तापवताना ज्वाला मानेवर जाऊ देऊ नका. एक सांगतो: खूप जाड, मऊ रबरी मूठ टाळा. हाताला बरी वाटते, पण पिनांची कंपनं पिऊन टाकते. मी बऱ्याच पिकांना नुसती गुळगुळीत पोलादी मूठच ठेवली आहे.

कुलपावर पारख

सरावासाठी असं कुलूप घ्या ज्याच्या पिना काढता-घालता येतात, आणि आधी एकच जोडी ठेवून बाकी काढून टाका. पारदर्शक कुलपं यंत्रणा समजायला चांगली, पण त्यांत बोटांऐवजी डोळे शिकतात.

पहिल्यांदा टेन्शन टूल लावूच नका. नुसतं पिक मागपर्यंत न्या आणि बाहेर येताना एकेक पिन हलकेच दाबून सोडा. प्रत्येक स्प्रिंगची परतफेड बोटांना स्वतंत्र जाणवली पाहिजे. दोन पिना एकदम उठत असतील तर शेंडा रुंद आहे. मान कंगोऱ्याला अडत असेल तर अर्धा मिलिमीटर अजून घासा. सगळीकडे बारीक खरखर असेल तर परत ८०० च्या पेपरकडे.

मग टेन्शन टूल लावा, आणि कल्पना करता त्याच्या निम्माच जोर द्या. बोट किबोर्डच्या कळेवर नुसतं टेकवतो तितका. पिन हळूहळू उचला. सांध्याशी आली की बारीक ‘टक्’ होतो आणि गाभा जरासा सरकतो. एक जोडी जमली की दुसरी घाला, मग तिसरी. पाचव्या जोडीपर्यंत जायला काहींना आठवडा लागतो, काहींना महिना.

अधूनमधून, दर पंधरवड्याला तरी, पिक भिंगाखाली धरून मानेच्या मुळाशी आणि आकड्याच्या बगलेत भेग आहे का ते पाहत जा. दिसली तर ते पिक कुलपात घालायचं नाही. बाजूला ठेवा आणि दुसरं आखायला घ्या. एव्हाना आपल्या हाताला आकडा अर्धा मिलिमीटर उंच हवा की बुटका, हे कळलेलं असतं.